‘तू पुस्तक वाचतच नाहीयेस, स्वतःलाच वाचतेयस’ असं मैत्रीण म्हणाली, ते खरं आहे का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र लांब आहे आणि ते तसंच असायला हवं होतं, पण इथं सगळं देता येणार नाही म्हणून बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताईंच्या आईला डिमेन्शिया होता, शेवटची काही वर्षं यांनीच तिचं सगळं केलं, शेवटी शेवटी तर आई यांना ओळखतही नव्हती, आणि मागच्या वर्षी ती गेली. ताई मैत्रिणींच्या एका वाचन गटात आहेत. गटानं या वेळी जी कादंबरी घेतली त्यातही अशीच सगळं विसरत चाललेली आई आहे, तिचं करणारी मुलगी आहे, आणि गोष्ट सांगतोय तो लांब राहणारा, अधूनमधून येऊन जाणारा मुलगा. शेवटी आई जायच्या आदल्या दिवशी अचानक भानावर येते, दोघांना नावानं हाक मारते, चार शब्द नीट बोलते आणि शांतपणे जाते. गटातल्या बाकीच्या सगळ्याजणी रडल्या, सगळ्यांना आवडली, आणि ताई म्हणाल्या की हे सपशेल खोटं आहे, असं काही होत नसतं, या लेखकानं आयुष्यात कधी कुणाचं केलेलंच नाही. त्यावर एक जुनी मैत्रीण म्हणाली, "तू पुस्तक वाचतच नाहीयेस, तू स्वतःलाच वाचतेयस." ताई गप्प झाल्या. मग घरी येऊन मन रमवायला म्हणून कॉलेजात असताना जीव की प्राण असलेली एक प्रेमकथा काढली तर तीही वाचवेना, कारण मध्ये घटस्फोट झालाय आणि आता त्यातला नायक प्रेमळ नाही तर पाळत ठेवणारा वाटतोय.

आणि तुमचा प्रश्न असा की माझं वाचन बिघडलंय का, आणि आपलं आयुष्य बाजूला ठेवून तटस्थपणे वाचायचं कसं.

सरळ उत्तर आधी देते. आयुष्य बाजूला ठेवून वाचता येत नाही, कुणालाच येत नाही, तुमच्या त्या मैत्रिणीलाही येत नाही, आणि तसं वाचायची गरजही नाही. मात्र तुम्ही त्या दिवशी जे बोललात त्यात दोन वेगळ्या तक्रारी एकात एक गुंतल्यात, एकीत तुमचा अनुभव तुम्हाला चकवतोय आणि दुसरीत तो बाकी कुणाला न दिसलेलं दाखवतोय. रागाच्या भरात दोन्ही एकदम बाहेर पडल्या आणि मैत्रिणीनं दोन्ही एकदमच उडवून लावल्या. पुस्तकाचं नाव तुम्ही कळवलेलं नाही, त्यामुळे तुम्ही सांगितलंत तेवढ्यावरच बोलते.

मैत्रिणीच्या वाक्यापासून सुरू करते कारण ते तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय. त्यात असं धरलेलं आहे की बाकीच्या सगळ्या पुस्तक वाचत होत्या आणि एकट्या तुम्हीच आपलं आयुष्य घेऊन बसला होतात. तसं नसतं. ज्यांनी कधी आजारी माणसाचं केलेलं नाही त्यांचं ते न केलेलं असणं हाही त्यांचा अनुभवच आहे, त्या त्यातूनच वाचतात, फक्त पुस्तक त्यांना कुठं टोचत नाही म्हणून आपण कुठून वाचतोय हे त्यांना जाणवत नाही. १९७९ साली मार्गारेट स्टेफनसन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी एक अभ्यास छापला होता. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांना आणि अमेरिकनांना दोन पत्रं वाचायला दिली, एकात भारतीय लग्नाचं वर्णन, दुसऱ्यात अमेरिकन लग्नाचं, आणि मग आठवेल तसं लिहून काढायला सांगितलं. ओळखीच्या लग्नाचं पत्र दोन्हीकडच्या लोकांनी पटकन वाचलं, जास्त लक्षात ठेवलं, न लिहिलेलंसुद्धा अचूक भरून घेतलं. परक्या पत्रात मात्र घसरले. अमेरिकन पत्रातली नवरी आपल्या आजीचा लग्नातला ड्रेस घालते, तिकडे ही कौतुकाची गोष्ट, पण एका भारतीय वाचकानं लिहून दिलं की ड्रेस फारच जुना होता आणि त्याची फॅशन गेलेली होती. पत्रात असं अक्षरही नव्हतं. त्या माणसाला आपण स्वतःला वाचतोय असं एक क्षणही वाटलं नसणार, त्याच्या लेखी तो फक्त समोरचा कागद वाचत होता.

तरी मैत्रीण पूर्ण चुकली असंही मी म्हणणार नाही. केंब्रिजमध्ये शिकवणारे आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कविता द्यायचे, कवीचं नाव नाही, साल नाही, काही नाही, आणि वाचून काय वाटलं ते लिहून आणायला सांगायचे. साहित्य शिकायला आलेली हुशार मुलं, पण एकाच कवितेवर एकमेकांच्या अगदी उलट लिहून आणायची. १९२९ साली रिचर्ड्सनी हे सगळं छापलं आणि वाचणारा कुठं कुठं अडखळतो ते एकेक करून सांगितलं. त्यातली एक अडचण तुमच्या मैत्रिणीच्या वाक्यासारखीच आहे, की कवितेतल्या कशावरून तरी वाचणाऱ्याला स्वतःचं काही आठवतं आणि मग तो त्या आठवणीवरच बोलत राहतो, कविता राहते बाजूला. पण त्याच यादीत आणखी एक अडचण आहे जी तुमच्या गटात कुणी काढली नाही, ती म्हणजे ठरलेली, तयार प्रतिक्रिया, म्हणजे आई आली, मरण आलं, शेवटचे शब्द आले की पान नीट न वाचताच आपोआप भरून येणं. मी तुमच्या मैत्रिणींच्या रडण्यावर शंका घेत नाहीये, प्रत्येकीचं कारण तिला माहीत. एवढंच म्हणतेय की पुस्तकापासून लांब जायचे रस्ते बरेच आहेत, आणि रडलेला माणूस पुस्तकाजवळच आहे, चिडलेला तेवढा लांब गेलाय, असं धरून चालता येत नाही.

आता तुमची पहिली तक्रार. शेवट खोटा आहे, असं होत नसतं.

इथं मला तुमच्या विरुद्ध बोलावं लागेल, आणि तुमचं दुःख ताजं आहे हे माहीत असूनही बोलतेय, कारण तुम्ही खरं उत्तर मागितलंय. असं होतं. सगळ्यांच्या बाबतीत नाही, पण होतं. डिमेन्शिया खूप पुढं गेलेलं, महिनोन्‌महिने कुणाला न ओळखलेलं माणूस जायच्या आधी काही तास किंवा एखादा दिवस अचानक स्पष्ट बोलतं, नावं घेतं, अशा नोंदी डॉक्टरांनी, नर्सेसनी आणि घरच्यांनी करून ठेवलेल्या आहेत, जुन्या काळापासूनच्या आहेत. मायकेल नाम या जर्मन संशोधकानं २००९ मध्ये त्याला टर्मिनल ल्युसिडिटी असं नाव दिलं. ते का होतं याचं पक्कं कारण अजून हाती लागलेलं नाही. म्हणजे लेखकानं हा प्रसंग हवेतून आणलाय असं नाही म्हणता येणार. तुमच्या आईच्या बाबतीत तसं झालं नाही, आणि तुमच्यासाठी डिमेन्शियाचा शेवट म्हणजे आईचा शेवट, दुसरा कुठला तुम्ही इतक्या जवळून बघितलेलाच नाही. अनुभव चकवतो तो असा, तो एकाच माणसाचा असतो पण आपल्याला तो सगळ्या जगाचा नियम वाटायला लागतो, आणि जितका जवळचा आणि जितका महागात पडलेला, तितका जास्त वाटतो.

पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, तुम्ही ते कंसात टाकून पुढं गेलायत: "त्या मुलीला निदान हाक तरी मारली." ताई, हे वाक्य परत वाचा. मला नाही वाटत तुमचा राग प्रसंग खोटा आहे म्हणून होता. त्या कागदावरच्या मुलीला जे मिळालं ते तुम्हाला मिळालं नाही. इतकी वर्षं केल्यावर एक हाक मिळावी एवढंच होतं आणि ती मिळाली नाही, आणि इथं कुणीतरी ती एका पानात सहज देऊन टाकली, वर बाकीच्या सगळ्या म्हणतायत किती सुंदर. राग येईल नाही तर काय होईल. ही मोठी गोष्ट आहे आणि ती पूर्णपणे तुमची आहे, तिच्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, पण ती लेखकाची चूक नाही. तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारलीत तर ती ‘खोटं आहे’ या आरोपामागं लपून बसणार नाही आणि मग तुमची दुसरी तक्रार लोकांना नीट ऐकू येईल.

आणि दुसरी तक्रार जबरदस्त आहे. तुम्ही लिहिलंय, "तीन वर्षं ती मुलगी आईचं करते आणि अख्ख्या पुस्तकात एकदाही चादर बदललेली नाही."

मी हे वाक्य वाचून थांबले. ही नुसती आठवण नाहीये, हे पानाकडे बोट दाखवणं आहे. कुणीही पुस्तक हातात घेऊन तपासू शकतं, आहे का चादर, नाही का. रात्री तीनला उठून बदललेली चादर, गादीवर घातलेलं प्लॅस्टिक, ते धुवून वाळत टाकणं, औषधाची गोळी गालात धरून ठेवलेली आई, दार उघडं राहिलं तर ती बाहेर जाईल म्हणून बाथरूमलासुद्धा दार लोटून न घेता जाणं, हे ज्यानं केलंय त्यालाच ते पुस्तकात नाहीये हे दिसणार. बाकीच्यांना ते नसलेलं दिसणं शक्यच नव्हतं, जे असू शकतं हेच माहीत नाही ते नाहीये हे कळणार कसं. तुमच्या अनुभवानं पुस्तकातली एक रिकामी जागा शोधून काढली. वाचन बिघडलेल्या माणसाला हे जमत नाही.

आता याच्या पुढची पायरी, आणि माझ्या मते या सगळ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची. ही गोष्ट सांगतोय कोण? तुम्हीच लिहिलंय, लांब राहणारा मुलगा. तो येतो तेव्हा आई न्हाऊन-माखून, वेणी घालून खुर्चीत बसलेली असते, आणि चार दिवसांनी तो जातो. त्यानं चादर बदललेली बघितलेलीच नाही. म्हणजे चादर पुस्तकात नाही याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे लेखकालाच माहीत नाही, तुम्ही म्हणता तसं. दुसरं म्हणजे लेखकाला पक्कं माहीत आहे आणि त्यानं मुद्दामच अशा माणसाच्या तोंडून गोष्ट सांगितली आहे ज्याला बहिणीनं काय उपसलं ते कधी दिसलंच नाही, आणि मग तो सुंदर शांत शेवटसुद्धा त्या मुलाच्या आठवणीतला शेवट होतो, बहिणीला विचारलं असतं तर तिनं वेगळा सांगितला असता. या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात पुस्तक कच्चं आहे. दुसऱ्यात पुस्तक तुमच्या बाजूचं आहे आणि ते गटात फक्त तुम्हालाच कळलंय, तेही अर्धवट, कारण रागानं तुम्ही तिथंच थांबलात.

कुठलं खरं ते मी सांगू शकत नाही, पण तुम्ही शोधू शकता. परत पहिल्यापासून वाचू नका, एवढं सोसायची गरज नाही. फक्त मुलगा आणि बहीण समोरासमोर आहेत ते प्रसंग काढा. बहीण कुठं गप्प बसते, कुठं उत्तर अर्धं सोडते, तिचे हात, तिची झोप, तिची तब्येत यांचा ओझरता उल्लेख आहे का जो मुलगा बघतो पण त्याचा अर्थ त्याला लागत नाही? लेखकाला माहीत असेल तर त्यानं कुठं ना कुठं अशी खूण ठेवलेली असणार. एकही सापडली नाही तर खुशाल म्हणा पुस्तक कच्चं आहे, मग ते तुमचं मत राग म्हणून कुणाला झटकता येणार नाही.

यासाठी एक साधी कसोटी आहे, ती लुईस रोझेनब्लॅट यांची. या बाई अमेरिकेत साहित्य शिकवायच्या आणि १९३८ पासून त्यांनी हेच लावून धरलं की कविता किंवा कादंबरी ही नुसत्या छापलेल्या कागदात नसते आणि नुसत्या वाचणाऱ्याच्या मनातही नसते, हा माणूस त्या वेळी ते पान वाचतो तेव्हा ती घडते, आणि म्हणून वाचणाऱ्याचं आयुष्य त्यात येणारच. पण त्यांनी ‘कुणाला काहीही वाटो, सगळं बरोबर’ असं म्हटलं नाही. त्यांच्या मते आपण लावलेल्या अर्थाला पानावरच्या कशानंही छेद जाता कामा नये, आणि ज्याला पानावर काहीच आधार नाही ते आपण त्यात घुसडता कामा नये. मला हे फार पटतं. तुमचं ‘चादर नाही’ यातून पार होतं. ‘लेखकानं कधी कुणाचं केलेलंच नाही’ हे होत नाही, कारण ते पुस्तकाबद्दल नाहीच, लेखकाच्या घरात काय झालं ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही.

करायचं कसं, तर पेन्सिल घ्या आणि जिथं छातीत काहीतरी झालं तिथं समासात खूण करा, राग, हुंदका, कंटाळा, काहीही. तेव्हाच विचार नको. दुसऱ्या दिवशी त्या खुणांपाशी परत जा आणि बघा की ही खूण दुसऱ्या माणसाला दाखवायची तर बोट पानावर ठेवता येतंय का. येत असेल तर ते गटात बोलायचं. येत नसेल तर ते तुमच्या वहीत लिहायचं किंवा जवळच्या माणसाशी बोलायचं, ते कमी दर्जाचं म्हणून नाही, त्याची जागा तिथं आहे म्हणून.

आता तुमच्या कॉलेजातल्या त्या प्रेमकथेकडे येते. तुम्ही विचारताय की तेव्हाची मी मूर्ख होते का. नायक नायिकेला आलेली पत्रं फोडून वाचतो तो प्रसंग, तुम्ही लिहिलंय की त्या ओळीखाली तुमचीच तेव्हाची रेघ आहे आणि शेजारी छोटं बदाम काढलंय, आणि आता ती ओळ वाचून अंगावर काटा येतो कारण नवरा रोज तुमचा फोन तपासायचा.

मघाशी ज्यांचं नाव घेतलं ते रिचर्ड अँडरसन आणि जेम्स पिचर्ट यांनी १९७७ मध्ये एक छान प्रयोग छापला. गोष्ट साधीच, दोन मुलं शाळा बुडवून त्यातल्या एकाच्या घरी जातात आणि घरभर फिरतात. काही वाचकांना सांगितलं की तुम्ही हे घर विकत घ्यायला आलायत असं समजून वाचा, काहींना सांगितलं तुम्ही चोर आहात असं समजा. घर घेणाऱ्यांना गळकं छप्पर लक्षात राहिलं, चोरांना जुन्या नाण्यांचा संग्रह आणि टीव्ही. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात त्यांनी अजून एक केलं, एकदा सगळं लिहून घेतल्यावर भूमिका उलटी करायला लावली आणि पुन्हा आठवायला सांगितलं, गोष्ट परत न दाखवता. तर लोकांना आधी न आठवलेले तपशील आठवायला लागले! म्हणजे ते वाचलेलं आत गेलेलं होतं, फक्त तोवर त्याची चौकशी कुणी केली नव्हती.

तुमचं तसंच झालंय. पत्र फोडणं तुम्ही तेव्हाही वाचलं होतंत, चांगली रेघ मारून वाचलं होतंत. तेव्हा कुणाला तरी आपल्याबद्दल सगळं जाणून घ्यायचंय ही तुमची भूक होती, आणि त्या वयात ती भूक असणं यात मूर्खपणा कुठला. आता सगळं जाणून घेणारा माणूस घरात असला की कसं वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. दोन्ही वेळा तुम्ही तेच वाक्य वाचलंत, दोन्ही वेळा मनापासून. आत्ताचं वाचन मला जास्त भरवशाचं वाटतं हे सांगून टाकते, कारण त्यात नायिकेची बाजू आलीय, जी आधी नव्हती. पण तेही एका बाजूचंच असू शकतं हे ध्यानात ठेवा. चोराची नजर एकदा लागली की छप्पर दिसेनासं होतं. पत्र फोडल्यावर नायिका काय करते, चिडते का, पुढं ती आपली पत्रं लपवायला लागते का, लेखक तिला तोंड उघडू देतो का, का ती लाजून हसते आणि विषय संपतो? तिथं कळेल की नायकाचं वागणं पुस्तकालाही टोचतंय की फक्त तुम्हाला. आणि फक्त तुम्हाला टोचत असेल तर त्या पुस्तकात खरंच खोट आहे आणि तुम्हाला ती कळायला मधली वर्षं लागली, इतकंच.

यातलं काहीच आत्ता जमत नसेल तर? तुमच्या पत्राचा सूर बघता मला हीच शंका जास्त आहे. आईला जाऊन अजून वर्षच होतंय. भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिताना काश्मीरच्या अभिनवगुप्त या पंडितानं हजारएक वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी सांगून ठेवल्यात, की बघणाऱ्याच्या मनात आधीच्या जगण्याचे संस्कार नसतील तर त्याला रस मिळणारच नाही, आणि रसाच्या आड जी सात विघ्नं येतात त्यात एक विघ्न म्हणजे बघणारा स्वतःच्याच सुखदुःखानं विवश झालेला असणं. ज्या जगण्यामुळे पुस्तक भिडतं तेच जगणं ताजं असताना पुस्तक आत येऊ देत नाही. मला यात सगळ्यात आवडतं ते हे की तो प्रेक्षकाला दटावत नाही, दुःख घरी ठेवून या असं म्हणत नाही. गाणं, वाद्यं, सजवलेला मंडप हे सगळं प्रयोगात असतं ते माणूस आपल्या दुःखातून थोडा सैल व्हावा म्हणून, असं तो म्हणतो. नाटकाला हे सगळं हाताशी आहे. पुस्तक वाचताना तुम्ही एकट्या असता, रात्री, त्याच घरात, आणि तुम्हाला सैल करायला लेखकाच्या भाषेशिवाय दुसरं काहीही नसतं. ते नाही जमलं तर पुस्तक मिटून ठेवा. कुणाला कारण द्यायचं नाही, स्वतःलासुद्धा नाही. आणि झोप उडालीय, जेवण जात नाही असं जे तुम्ही ओझरतं लिहिलंय ते ओझरतं ठेवू नका, आठवड्याभरात डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, त्यावर पुस्तकं हा उपाय नाही.

गटाचं काय करायचं. याच कादंबरीवर तुमची अजून एक बैठक आहे म्हणता. गेलात तर ‘खोटं आहे’ने सुरू करू नका आणि ‘मी केलंय, तुम्हाला काय कळणार’ हे तर नकोच. ते खरं असलं तरी त्यानंतर कुणी बोलतच नाही, सगळ्या खाली बघतात, आणि तुम्हाला हवं असतं ते कुणीतरी ऐकून घेणं, ते राहून जातं. असं म्हणा: "ही गोष्ट मुलाच्या तोंडून आहे. बहिणीनं सांगितली असती तर काय काय आलं असतं? मला चादर कुठं दिसली नाही, तुम्हाला दिसली का?" आणि थांबा. बोलू दे त्यांना. ज्यांनी कधी कुणाचं केलेलं नाही त्यांना ते दिवस काय असतात ते कळायला कादंबरीशिवाय फारसा दुसरा रस्ता नसतो, आणि तुमच्या गटाला तुम्ही आहात, म्हणजे तर त्यांचं नशीबच. तुमच्या आईबद्दल सांगायचं की नाही ते त्या दिवशी ठरवा. तुमचा मुद्दा तिच्याशिवायही उभा राहतो, दर वेळी पुरावा म्हणून तिला मध्ये आणायची तुमच्यावर सक्ती नाही.

त्या मैत्रिणीला मात्र गटाच्या बाहेर एकटीला गाठा. इतकी जुनी मैत्रीण आहे, आईच्या शेवटच्या दिवसांत डबे घेऊन यायची असं तुम्हीच लिहिलंय, तिला सरळ सांगा, "तू जे म्हणालीस ते मला फार लागलं. मी चिडले होते हे खरं आहे, पण मी पुस्तकही वाचत होते." तिच्या रडण्याचं कारण तिच्या आयुष्यात शोधून तिच्या तोंडावर मारू नका, तिनं तुमच्याशी केलं तेच होईल ते. विचारा मात्र जरूर की तुला ते शेवटचं पान का इतकं आवडलं. कदाचित ती सांगेल, कदाचित तिनं स्वतः कधी विचारच केलेला नसेल.

पुढच्या महिन्याचं पुस्तक निवडायची पाळी तुमची आहे आणि आजार, आई, मरण यातलं काही नको असं वाटतंय पण ते पळपुटेपणाचं वाटेल का, असं विचारलंयत. अजिबात नाही. प्रवासाचं निवडा, विज्ञानाचं निवडा, जाड निवडा, बारीक निवडा. गटाला फक्त पुस्तकाचं नाव कळवायचं असतं.